हात थरथरतो, म्हणून कंपवातच का?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात गाणी, बक्षिसे आणि फराळ यांच्या मध्येच आजारपणाचा विषय घेऊन उभे राहणे थोडे विरस करण्यासारखे आहे, हे मी जाणते. पण चिटणीसबाईंनी विषय निवडण्याची मला मोकळीक दिली. गेल्या दोन वर्षांत आपल्याच मंडळातल्या तीन घरांतून मला एकच प्रश्न आला, "बाई, आमच्या घरी यांचा हात हलतो. हा कंपवातच ना? तुमच्या गुरुजींना झाला होता तोच ना?" तिन्ही वेळा मी उत्तर दिले ते असे की, हात हलतो एवढ्यावरून काहीच सांगता येत नाही, आणि आमच्या गुरुजींना जो आजार झाला होता तो कंपवात नव्हताच. हे ऐकून सगळ्याच चकित झाल्या. म्हणून आज याच विषयावर बोलायचे ठरवले.

मी डॉक्टर नव्हे. शाळेत विज्ञान शिकवीत असे, एवढेच. पण पाच-साडेपाच वर्षे घरात जे पाहिले, डॉक्टरांना खोदून खोदून जे विचारले आणि पुस्तकांतून जे ताडून घेतले, ते आपल्यापुढे ठेवते. यातून कोणी घरच्या घरी निदान करावे अशी माझी अपेक्षा नाही. डॉक्टरांपुढे बसल्यावर काय सांगावे, हे आपणा बायकांना ठाऊक असावे, इतकीच इच्छा आहे.

आपल्याकडे अंगात हिव भरले की "ताप आला" म्हणतात. पण ताप म्हणजे प्रत्येक वेळी हिवतापच असे आपण धरीत नाही. रक्त तपासून घेतो. तशीच गोष्ट थरथरीची आहे. थरथर हे लक्षण आहे, रोग नव्हे. कंपवात, ज्याला डॉक्टर पार्किन्सनचा आजार म्हणतात, हा एक विशिष्ट रोग आहे. पऱ्ह्यांत धानासारखेच दिसणारे तण उगवते. रोवणाऱ्या बाईच्या बोटांना ते कळते, सडकेवरून जाणाऱ्याला सगळे हिरवेच दिसते. कंपवातासारखे दिसणारे आजारही असेच त्याच्यात मिसळून उभे असतात.

पार्किन्सन हे नाव लंडनच्या एका डॉक्टराचे. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या रोगावर एक छोटा निबंध लिहिला. त्यात अवघ्या सहा रुग्णांची हकिकत आहे, आणि त्यांतले काही त्यांनी चक्क रस्त्यात चालताना पाहिलेले होते! मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. यंत्रे नव्हती, फोटो काढायची सोय नव्हती; माणूस कसा वाकून चालतो, हात कसा हलतो, एवढे डोळसपणे पाहून एका माणसाने रोग ओळखला. आपले गाव तर सडकेच्याच नावाचे. पाहणे आपल्याला नवे नाही. काय पाहायचे तेवढे समजून घ्यायचे आहे.

प्रथम खरा कंपवात कसा असतो ते सांगते. आपल्या मेंदूच्या बुडाशी काळसर रंगाचा एक लहानसा भाग असतो. तिथल्या पेशी डोपामिन नावाचे द्रव्य तयार करतात, आणि त्या द्रव्यामुळे आपल्या हालचाली सहज व अचूक होतात. त्या पेशी हळूहळू मरू लागल्या की माणसाच्या हालचाली मंदावतात. मंदपणा हे या रोगाचे मुख्य लक्षण होय, थरथर नव्हे. सदऱ्याची बुंदे लावायला वेळ लागतो, अक्षर बारीक बारीक होत जाते, चालताना एक हात झुलेनासा होतो, चेहऱ्यावरचे हसू कमी होते. सुरुवात बहुधा एका बाजूने होते. थरथर असली तर ती हात मांडीवर स्वस्थ असताना होते, अंगठा आणि बोट मिळून जणू गोळी वळताहेत अशी. आणि त्याच हाताने पेला उचलला की ती कमी होते. दहांपैकी दोघा-तिघांना सुरुवातीला थरथर नसतेच. फ्रान्सचे शार्को म्हणून मोठे मेंदूविकारतज्ज्ञ होऊन गेले. त्यांनीच या रोगाला पार्किन्सनचे नाव दिले, कारण जुन्या नावातला कंप प्रत्येक रोग्यात नसतो हे त्यांनी पाहिले होते.

आणखी दोन-तीन खुणा फक्त घरातल्या माणसालाच दिसतात. फोडणीचा खमंग वास घरभर सुटला तरी त्या माणसाला येत नाही. बद्धकोष्ठ असतो. झोपेत स्वप्न पाहताना तो ओरडतो, हातपाय झाडतो. या गोष्टी कधी कधी हात थरथरण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून चालू असतात. डॉक्टर दहा मिनिटे पाहतात; आपण दिवसरात्र पाहतो. फरक आहे तो इथे.

आता कंपवाताचा भास करून देणाऱ्या आजारांकडे वळू. त्यांतले जे बरे होण्याजोगे किंवा काबूत येण्याजोगे आहेत, ते आधी सांगते. कारण ते ओळखू आले नाहीत तर हातची संधी जाते.

पहिला अगदी साधा. काही माणसांचे दोन्ही हात थरथरतात, पण ते काम करताना. चहाची बशी तोंडाशी नेली की चहा सांडतो, सही करताना अक्षर वेडेवाकडे होते, कधी मान "नाही नाही" म्हटल्यासारखी हलते, आवाजही कापतो. हात मांडीवर ठेवला की शांत. पुष्कळदा वडिलांना, आत्याला असेच असते. वीस-वीस वर्षे असे चालते, पण चालणे मंदावत नाही. हा कंपवात नव्हे. याची औषधे निराळी आहेत. आपल्या आळीतल्या ज्या आजोबांना मुलांनी "कंपवाती" ठरवून एका कोपऱ्यात बसवले होते, त्यांचे दुखणे हेच निघाले. ते आजही बाजारातून भाजी आणतात. फक्त पेला अर्धाच भरून द्यावा लागतो.

दुसरा प्रकार औषधांमुळे होतो, आणि याकडे माझ्या भगिनींनी विशेष लक्ष द्यावे. उलटी थांबवण्याच्या, चक्कर थांबवण्याच्या, अर्धशिशीच्या आणि मनोविकाराच्या काही गोळ्या मेंदूतल्या डोपामिनचे काम अडवतात. मेटोक्लोप्रामाइड, प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन, फ्लुनारिझिन, हॅलोपेरिडॉल ही त्यांतली काही नावे. थोडे दिवस, डॉक्टरांच्या सांगण्याने घेतल्या तर त्या उपयोगाच्याच आहेत. पण चक्कर आली म्हणून कोणी एकदा लिहून दिलेली गोळी दुकानातून पुन्हा पुन्हा आणून वर्षभर घेत राहणे, हे म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत फार होते. मग हळूहळू दोन्ही बाजूंनी अंग आखडते, चाल बारीक होते, चेहरा दगडासारखा होतो. माझ्या नात्यातल्या एक मामी अशाच झाल्या होत्या. सुनेने सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ओतली. त्यांनी त्यांतले एक पाकीट बाजूला काढले आणि ती गोळी बंद केली. तीन-चार महिन्यांत मामी पुन्हा सुपात तांदूळ पाखडू लागल्या! सगळ्यांच्याच बाबतीत इतके चांगले होते असे नाही. काहींना अधिक वेळ लागतो, आणि काहींत मुळातला कंपवात त्या गोळीने नुसता उघडा पडलेला असतो. पण पिशवी घेऊन जाण्याला काही खर्च नाही. आणि हेही सांगते की, कोणतीही गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नये. मनोविकाराची तर मुळीच नाही.

तिसरा आजार तरुणांचा. अठरा, वीस, पंचवीस वर्षांच्या मुलामुलीचा हात थरथरू लागला, बोलणे जड झाले, अक्षर बिघडले, स्वभाव बदलला, किंवा आधी कधी कावीळ होऊन गेली असेल, तर "इतक्या लवकर कंपवात" म्हणून कपाळाला हात लावू नये. विल्सन नावाच्या डॉक्टरांनी १९१२ साली एका आजाराचे वर्णन केले. त्यात अन्नातले तांबे शरीराबाहेर पडत नाही, यकृतात आणि मेंदूत साठत जाते. डोळ्याच्या बुबुळाच्या कडेने तपकिरी-हिरवट कडे दिसू लागते. रक्ताच्या व लघवीच्या तपासणीने तो ओळखता येतो, आणि १९५६ सालापासून त्यावर औषध आहे. लवकर सुरू केले आणि जन्मभर घेतले तर मुलगा नोकरी-संसार करू शकतो. उशीर झाला तर जीव जातो. हा दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच रोग होतो. म्हणून एका मुलाला निघाला तर त्याच्या प्रत्येक सख्ख्या भावाबहिणीला चारांत एक इतकी शक्यता असते. त्यांना काही होत नसले तरी तपासून घ्यावे. मामाच्या किंवा आत्याच्या घरी सोयरीक करण्याची चाल आपल्या भागात अजून आहे. अशा घरांनी तर ही गोष्ट नीट ध्यानात ठेवावी.

चौथा म्हणजे मेंदूतले पाणी साचणे. यात हात चांगले असतात, पण पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. त्याबरोबर लघवी आवरत नाही आणि विसरभोळेपणा येतो. या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या की "वय झाले" म्हणून आपण सोडून देतो. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाचे डॉ. हकीम यांनी १९६५ साली दाखवून दिले की, शस्त्रक्रियेने नळी घालून ते पाणी काढून दिल्यास अशांपैकी पुष्कळांची चाल सुधारते. तसेच रक्तदाब आणि मधुमेह यांमुळे मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडत गेल्या, तरी कमरेखाली कंपवात आणि कमरेवर ठणठणीत अशी स्थिती होते. तिथे रक्तदाब व साखर ताब्यात ठेवणे हाच मुख्य उपाय.

इतका वेळ आशेचे बोलले. आता जे बरे होत नाहीत अशांविषयी सांगायला हवे, आणि त्यांतच आमच्या घरची गोष्ट येते.

आमचे गुरुजी जन्मभर सायकलने शाळेत गेले. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी एकदा म्हणाले, "सायकल आता सावरत नाही." नंतर ते पडू लागले, आणि पडायचे ते नेहमी पाठीमागे. रांजणातून पाणी घ्यायला वाकून उभे राहिले की मागे. कोणी हाक मारली, वळले, की मागे. थरथर मुळीच नव्हती. डोळे विस्फारलेले, भुवया वर चढलेल्या, पोरे म्हणत, "गुरुजी रागाने बघतात." जेवताना ताटातला पलीकडचा भात संपे आणि छातीजवळचा तसाच राही, सदऱ्यावर वरण सांडे. पायरी उतरताना पाय चाचपून ठेवीत. अंग ताठ आणि चाल मंद, म्हणून कंपवाताच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळ्या वाढवल्या, आणखी वाढवल्या. फरक पडला नाही.

दोन वर्षांनी नागपूरच्या एका मेंदूविकारतज्ज्ञांनी त्यांना तपासले. आधी त्यांनी मला सगळे विचारले. मी ताटातल्या भाताची गोष्ट सांगताच त्यांनी लेखणी खाली ठेवली. गुरुजींना म्हणाले, "मान हलवू नका, नुसते डोळ्यांनी माझ्या बोटाकडे खाली बघा." डोळे खाली गेलेच नाहीत. मग त्यांनी मागे उभे राहून खांद्यांना हलकेच झटका दिला. निरोगी माणूस एक-दोन पावले मागे टाकून सावरतो. गुरुजी लाकडासारखे डॉक्टरांच्या हातांत आले. पुढे एमआरआय काढला, त्यातही मेंदूच्या देठाचा वरचा भाग बारीक झालेला दिसला. या आजाराचे वर्णन स्टील, रिचर्डसन आणि ओल्शेव्स्की या तिघा डॉक्टरांनी कॅनडातल्या टोरांटो शहरी १९६३-६४ साली केले. इंग्रजी नावाची आद्याक्षरे घेऊन त्याला पीएसपी म्हणतात. पहिल्या वर्षातच मागे पडणे आणि डोळे खाली-वर न फिरणे, या त्याच्या दोन मोठ्या खुणा.

आजार बरा होणार नव्हता. मग खरे नाव कळून काय मिळाले? पुष्कळ मिळाले. वाढवत नेलेल्या गोळ्या कमी झाल्या व त्यांनी येणारी गुंगी गेली. ताट पाटावरून उंच स्टुलावर आले, म्हणजे ते दिसू लागले. पाणी पिताना ठसका लागतो तो घशाच्या स्नायूंमुळे, हे कळल्यावर पातळ पाणी सोडून दाट पेज, मान किंचित पुढे झुकवून, चमच्याने देऊ लागलो. हाक समोरूनच मारायची असा घरात नियम केला. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, "गुरुजी हट्टी झाले, मुद्दाम सांडतात" हे बोलणे बंद झाले. त्यांना खाली दिसत नव्हते! तीन वर्षे ते आणखी राहिले. फुप्फुसात कफ साठून गेले. पण घरात मान राखून गेले.

याच जातीचे आणखी दोन आजार थोडक्यात सांगते. एकात पन्नाशीच्या सुमारास माणूस ताठ व मंद होतो, आणि त्याबरोबरच उभे राहिल्यावर रक्तदाब उतरून डोळ्यांपुढे अंधारी येते, लघवी अडते किंवा आवरत नाही, झोपेत श्वास घेताना घशातून चिरका आवाज येतो. याला एमएसए म्हणतात. हे नाव १९६९ साली देण्यात आले. अशा माणसाला अंथरुणावरून एकदम उठवू नये. आधी बसवावे, पाय हलवू द्यावेत, मग उभे करावे. नाहीतर न्हाणीत पडून मांडीचे हाड मोडते आणि मूळ आजार बाजूलाच राहतो.

दुसऱ्या आजारात माणसाला नसलेली माणसे, मुले, जनावरे दिसतात. "दारात ती लहान पोरगी कोण उभी आहे?" असे आजी विचारते. सकाळी शुद्धीवर, संध्याकाळी भ्रमिष्ट. आणि चाल कंपवातासारखी. आपल्याकडे याला बाहेरची बाधा समजून मांत्रिकाकडे नेतात. बाधा नव्हे, मेंदूचा आजार आहे. जपानच्या डॉ. कोसाका यांनी १९७६ साली अशा रुग्णाचे वर्णन केले. यात एक मोठा धोका आहे: अशा माणसाला शांत करण्यासाठी हॅलोपेरिडॉलसारखे औषध दिले तर तो एकदम ताठून जिवावर बेतू शकते. म्हणून डॉक्टरांना भास होतात हे आधी सांगावे. लाजेखातर झाकून ठेवू नये.

आता आपल्या मुलखाचे दोन शब्द. आपल्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यात तुमसरकडे चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे, तसेच पलीकडे बालाघाटजवळ भरवेलीला मँगनीजच्या खाणी आहेत. आपल्यातल्या काहींची माहेरे तिकडची आहेत. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षे श्वासातून गेल्यास मेंदूला इजा होते, हे स्कॉटलंडमध्ये १८३७ सालीच एका डॉक्टरांनी पाहिले होते. तिथले मजूर मँगनीज दळीत असत. त्या आजारात थरथर थोडी, स्वभावात चिडखोरपणा, चवड्यांवर कोंबड्यासारखी चाल आणि मागे पडणे अशी लक्षणे दिसतात, आणि कंपवाताच्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही. खाणीत काम केले म्हणजे हा आजार होतोच असे मुळीच नाही. पण घरातल्या माणसाने खाणीत, दगड फोडण्याच्या यंत्रावर किंवा वेल्डिंगचे काम केले असेल, तर ते डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. ते आपण होऊन विचारतीलच असे नाही.

लाखोळीच्या डाळीविषयी मला नेहमी विचारतात. धानानंतर बांधीत पेरली जाणारी ही डाळ दुष्काळात महिनोन्महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ली गेली, तेव्हा पाय ताठ होऊन गुडघे एकमेकांवर घासत चालणारी माणसे या भागांत दिसत. तो आजार कंपवाताचा भाऊ नव्हे. त्यात हात, चेहरा, बोलणे शाबूत राहते, आणि ती डाळ थांबवल्यावर बहुधा तो पुढे वाढत नाही. कंपवात मात्र वाढत जातो.

मुंबईच्या डॉक्टरांनी या विषयात केलेले काम आपल्याला अभिमान वाटावा असे आहे. जे. जे. रुग्णालयाचे डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांचे सहकारी डॉ. स्वामी यांनी १९७१ साली नऊ कुटुंबांची हकिकत प्रसिद्ध केली. त्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या तोल जाण्याचा आजार होता. पण डॉक्टरांच्या ध्यानात आले ते हे की, या रुग्णांचे डोळे एका बाजूकडून दुसरीकडे फार सावकाश फिरतात. त्या एका निरीक्षणाने एक निराळा आनुवंशिक आजार हाती लागला. पुढे त्याचा जनुकदोष सापडला, आणि त्या दोषाच्या काही घराण्यांत कंपवातासारखीच लक्षणे दिसतात हेही कळले. तसेच मुंबईच्या पारशी वसाहतींत घरोघर फिरून चौदा हजारांवर लोकांची पाहणी झाली. १९८८ साली ती प्रसिद्ध झाली. तीत ४६ माणसांना कंपवात निघाला. दारोदार गेल्याशिवाय हे आकडे मिळत नसतात.

कोणी म्हणेल, मोठ्या डॉक्टरांना तरी हे ओळखू येते ना? तर ऐका. लंडनमध्ये १९९२ साली शंभर मृत रुग्णांच्या मेंदूंची तपासणी प्रसिद्ध झाली. हयातीत या सर्वांचे निदान पार्किन्सन असे झाले होते. प्रत्यक्षात तो रोग शहात्तर जणांतच निघाला. बाकीच्या चोविसांत दुसरेच काही होते. यात डॉक्टरांची निंदा नाही. रोगच असा आहे की, पहिल्या वर्षी सगळे सारखे दिसतात आणि काळ गेला की वेगळे होत जातात. म्हणून तो काळ डोळे उघडे ठेवून पाहणारे कोणी घरात असले पाहिजे.

एक सोपी परीक्षा सांगते. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २०११ साली असे दाखवले की, खऱ्या कंपवाताचा रुग्ण चालताना अडखळला तरी सायकल पुष्कळ दिवस चालवू शकतो. त्याच्यासारख्या दिसणाऱ्या आजारांत सायकल लवकर सुटते. तोल हेच कारण. बांधीच्या अरुंद धुऱ्यावरून एका पावलापुढे दुसरे ठेवून चालणे, हीही तशीच परीक्षा. मात्र कोणाला मुद्दाम सायकलवर बसवून पाहू नका, "सायकल केव्हा सुटली?" एवढे विचारले तरी पुरे.

दुसरी परीक्षा औषधाचीच. लेव्होडोपा नावाची गोळी १९६७ साली अमेरिकेतील डॉ. कॉट्झियास यांनी योग्य मात्रेने देऊन दाखवली. खऱ्या कंपवातात तिने ठळक आराम पडतो आणि तो वर्षानुवर्षे टिकतो. इतर आजारांत पडत नाही किंवा थोडे दिवसच पडतो. हेच द्रव्य आपल्या रानातल्या खाजकुयलीच्या, म्हणजे कवचबीजाच्या बियांत असते. १९३७ साली दामोदरन व रामस्वामी या आपल्याच शास्त्रज्ञांनी ते त्यातून काढले होते. पण म्हणून बिया दळून घरच्या घरी देऊ नयेत. मात्रा कळत नाही, आणि गोळीबरोबर दिल्यास दुप्पट होते.

आता माझे मागणे. प्रत्येक अशा घरात एक वही असावी. तीत लिहावे: पहिले लक्षण कोणते आणि कोणत्या महिन्यात, एका बाजूने की दोन्ही, थरथर स्वस्थ असताना की काम करताना, पहिल्यांदा कधी पडले, पुढे की मागे, ताटातले व पायरी दिसते का, उठल्यावर चक्कर, लघवी, बद्धकोष्ठ, वास येतो का, झोपेत ओरडणे, भास, सायकल केव्हा सुटली, गोळीने किती तास बरे वाटते, पूर्वी व आता घेतलेली सारी औषधे, घराण्यात कोणाला असे होते का, आणि कोणते काम केले. अशी दोन पाने डॉक्टरांपुढे ठेवा. मोबाईलवर चालण्याचे दोन मिनिटांचे चित्रण करून नेले तर आणखी उत्तम.

मंडळाकडेही मागणे आहे. गोंदियाला २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि नागपूरचे मोठे दवाखाने तर आहेतच. पण एकट्या सासूला किंवा एकट्या सुनेला तिथवर जाणे जड जाते. मंडळाच्या दोघीजणी सोबत जातील अशी पाळी लावता येईल. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईत डॉ. सिंघल यांच्या पुढाकाराने २००१ साली स्थापन झालेली सोसायटी आहे; तिथे रुग्ण आणि घरची माणसे एकत्र बसून बोलतात, व्यायाम करतात. आपल्याला तेवढे जमणार नाही. पण महिन्यातून एकदा याच सभागृहात अशा घरांतल्या बायकांनी तासभर बसायला काय हरकत आहे? सांभाळणारी बाई थकलेली असते. तिला कोणी विचारीत नाही. ११ एप्रिल हा पार्किन्सन यांचा जन्मदिवस. तो जगभर या रोगाचा दिवस म्हणून पाळतात. त्या दिवशी आपण आपली पहिली बैठक घ्यावी, असा माझा प्रस्ताव आहे.

थरथरणारा हात दिसला की त्या हाताला धरा. पण घाईने नाव देऊ नका. आधी पाहा, लिहून ठेवा, आणि जाणत्याकडे न्या.